उंटापुढचं प्यादं

मंडळी, एक सांगा! ज्यानं आपल्याला चार वेळा हरवलं, तोच पाचव्या खेपेला दारात येऊन म्हणाला — ‘या, जिंकायचं कसं ते शिकवतो’ — तर खुर्ची द्याल की कडी लावाल? खरं सांगा हं, देव समोर बसलाय!

तर ऐका. प्रभाताई म्हेत्रे. बालवाडीच्या बाई. गावच्या बुद्धिबळ स्पर्धेत चार वर्षं अंतिम फेरीला पोचायच्या, आणि चारही वर्षं वामनराव देसायांकडून हरायच्या. वामनराव म्हणजे निवृत्त मोजणीदार — हसताना कुणी पाहिलेले नाहीत!

पाचव्या वर्षी पुन्हा हेच दोघे. चिठ्ठी निघाली, काळी मोहरी ताईंची. आठवड्यावर डाव, आणि वामनराव दारात!

“ताई, काळ्यानं नेहमीसारखं खेळू नका. फ्रेंच बचाव म्हणून एक सुरुवात आहे, ती शिका. मी शिकवतो.”

ताईंनी दार अर्धंच उघडं धरलं! आतून ताईंच्या जाऊबाई कुजबुजल्या, “काहीतरी डाव आहे हो!”

पण ताई बसल्या. सहा दिवस रोज संध्याकाळी शिकल्या. राजापुढचं प्यादं एकच घर. मग वजिरापुढचं दोन. “पांढऱ्यानं प्यादं पुढे रेटलं,” वामनराव म्हणायचे, “की लगेच वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं! थांबायचं नाही. थांबलात तर तुमचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला.”

ताईंनी काय करावं? वाचनालयातून पुस्तक आणलं, चाल न् चाल ताडून पाहिली. पुस्तकात अगदी तेच! आता तरी शंका फिटावी ना? छे! ताई म्हणतात, ‘एवढं खरं शिकवतोय, म्हणजे खोटं कुठंतरी पुढे लपवलंय!’

वा! ह्या रोगाला औषध आहे का, मंडळी?

डावाचा दिवस. देवळाच्या मंडपात गर्दी. पांढऱ्याचं प्यादं पुढे आलं. ताईंचा हात उंटापुढच्या प्याद्याकडे गेला — वामनरावांनी नजर वर केली. बस्स! ‘बघतोय! वाटच बघतोय!’ हात वळला. घोडा हलला.

पुढचं काय सांगू? उंट कोंडला. राजा कोंडला. एकतिसाव्या चालीला मात!

वामनराव टाळ्यांकडे बघेनात. हळूच म्हणाले, “ते प्यादं का नाही सरकवलंत?”

“तुम्ही शिकवलं होतंत म्हणून!”

म्हातारा मोहरी गोळा करू लागला. मग म्हणाला, “ताई, चार वर्षं जिंकतोय, पण खेळलो कुठं? बायको गेल्यापासून समोर बसणारं कुणी नाही. एकदा तरी घाम फुटेल असा डाव हवा होता हो.”

मोहरी गोळा करून निघून गेला.

आणि ताई? दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच पट काखेत मारून वामनरावांच्या ओसरीवर! “काळी माझी,” म्हणाल्या. आणि तिसऱ्याच चालीला ते प्यादं — दोन घरं! वामनराव पुढे सरसावले. विचारात इतके बुडाले, की चहावर साय धरली! दिवेलागणीला डाव बरोबरीत सुटला आणि वामनराव — मंडळी, वामनराव हसले!

पुस्तक ताडून पाहिलं, त्यात ताईंचं काही चुकलं नाही हो. डोळे उघडे ठेवावेतच! पण खरं दिसल्यावरही जो संशय आपण उराशी धरतो ना, तो समोरच्याचा दोष नाही — ती आपली हौस असते!

आता घरी जाल. कुणाचा फोन उचलायचा टाळताय? कुणाच्या ओसरीवर वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नाही? मला नका सांगू. त्याला सांगा, आणि त्याआधी त्या पांडुरंगाचं नाव घ्या — विठ्ठल! विठ्ठल!