बाई, केज

हां, असंच. आता मान जराशी डावीकडं — माझी डावी न्हाई भगवानराव, तुमची — हां, बस. जिंदगीभर एसटीत लोकाला ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणलात, आता मी म्हणतो, जरा मागं सरका. स्टूल पडत न्हाई, बिनधास्त टेका. आन् बोलू नका. पेन्शनच्या कागदाला पाहिजे ना फोटो? मग तोंड बंद, नजर लेन्समधी. दात दिसू द्यायचे न्हाईत. दात दिसले की हापिसातला साहेब म्हणंल, हा तर मजेत हाय, ह्याला पेन्शन कावून पाहिजे? — कुठं बघताय? काउंटरवर? हां, तेच ते पुस्तक. पोस्टमननं सही घेऊन दिलं आन् परत जाता जाता सगळ्या पेठेला सांगून गेला — रेवणप्पाचं नाव फॉरेनच्या पुस्तकात छापून आलं म्हणून. नाव! नावच तर न्हाई त्यात.

ती गोरी पोरगी आठवती का तुमाला? तुमच्याच गाडीनं आलती. मान हलवू नका, नुसतं मनात म्हणा. मागच्याच्या मागच्या साली, ऊसतोडीच्या टोळ्या निघत होत्या तवा — केस पोरावानी कापलेले, पायात गड्याच्या चपला, गळ्यात कॅमेरा. टोळ्यांचे फोटो काढायला आली म्हणली. माझा बोर्ड दिसला तशी आत शिरली. आपल्याच धंद्यातलं माणूस — मी चहा पाजला, अल्बम काढून दिले. लग्नाचे, सत्काराचे, मंत्री आलता तवाचे. एकावर नजर ठरली न्हाई तिची. शेवटी मी तिला ही भिंत दाखवली, मयताच्या फोटोंची. म्हणलं, ही माझी खासियत. तुमाला तर ठाऊक हाय — केजात, धारुरात, कुठं माणूस गेलं की घरचे माझ्याकडं येतेत. हातात फोटो असतो कसला? वरातीच्या घोळक्यातला, न्हाईतर रेशनकार्डावरचा. त्यातून मी माणूस उभा करतो. डोक्यावर पदर नसला तर ब्रशनं घेतो, मिटलेले डोळे उघडतो, ज्यानं जन्मात सदऱ्याचं वरचं बटन लावलं न्हाई त्याला कोट घालतो. बाया रडत येतेत आन् फोटो बघून गप होतेत. लई शांत दिसतेत, म्हणतेत. — ती पोरगी त्या भिंतीपुढं लई वेळ उभी राहिली. मी म्हणलं, आवडलं वाटतं. ती संगं आणलेल्या दुभाष्याला म्हणली, ह्या सगळ्यांचा चेहरा एकच कसा? काय बोलावं अशा माणसाला?

आता ह्या पुस्तकाचं सांगतो, तिनंच धाडलंय. जगभरातले नवे कलावंत, फोटोग्राफर, डिझायनर — निवडून, पारखून, प्रत्येकाला चार-चार पानं. कागद असा गुळगुळीत की माशी घसरंल. आन् आत काय? एकानं आपलं झोपून उठलेलं अंथरूण तसंच भिंतीला टांगलं, वर दिवा सोडला. झाली कला! आपल्याकडं सासू बोलंल त्याला. एक जपानी हाय, तो लोकांच्या नुसत्या पाठी काढतो. तोंड न्हाईच कुणाला, पानभर मानगुटी. एकानं खुर्ची बनवली, तिच्यावर बसताच येत न्हाई — मुद्दाम! त्याला बक्षीस. एक बाई खरकट्या ताटांचे फोटो काढती, मोठमोठे, भिंतीएवढे, तेबी हाललेले. मला शिसारी आली भगवानराव, खरंच सांगतो, जेवण गेलं न्हाई त्या दिवशी. आमच्या हातून एवढं हाललेलं निगेटिव्ह निघालं असतं तर गिऱ्हाइकाच्या नजरंला पडायच्या आत कचऱ्यात घातलं असतं. आन् हे मांडतेत! आता सगळं बाहेरचं येऊ द्यायलेत ना — कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या, केबल आली, ही घाणबी आली. तो मानगुटीवाला बाकी एका ठिकाणी चुकलाय, सतराव्या का अठराव्या पानावर, उजेड मागून घेतलाय त्यानं — मला कसं ठाऊक? बघितलंय मी. बघावं लागतंय. डिक्शनरी घेऊन खालचं वाचलंयबी. शिव्या द्यायच्या तर नीट वाचून द्याव्या माणसानं.

हनुवटी खाली. एवढी न्हाई.

तर त्या पोरीची चार पानं. तीन पानावर टोळ्या — बैलगाड्या, ट्रकच्या फाळक्यावरचे पाय, भांडी बांधलेली पोती. राहू द्या. आन् चौथ्या पानावर माझं मागचं अंगण. माझं! ती दुकानात येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घाटनांदूरला लग्नाच्या ऑर्डरीला गेलतो. माझ्या माघारी ही पोरगी घरात शिरली. मी पडदा धुऊन वाळत घातलाता, तळ्याचा आन् महालाचा — ह्याच पडद्यापुढं बसलाय तुमी — तर तिनं पडद्याची पाठ काढली. गोणपाटाची ठिगळं, डिंकाचे डाग, सगळं. अन् त्याच्यापुढं, प्रिंट धुवायच्या हौदाच्या काठावर, आमची मंडळी, गंगासागर. पदर कमरंला खोचलेला. केस सुटलेले. कपाळावरची विभूती घामानं अर्धी पुसलेली. एक हात हाललेला, नुसता धूर दिसतो हाताच्या जागी. आन् तोंड उघडं! सगळे दात, तो किडका सुद्धा, पार पडजिभंपर्यंत — हसती. अशी हसती की डोळं दिसत न्हाईत. परक्या बाईपुढं, घरात मालक नसताना. आन् खाली काय छापलंय? ‘बाई, केज.’ बस. बाई! गंगासागर रेवणप्पा म्हणून नाव होतं तिला, ह्या पेठेत रीतसर नांदली ती. अंथरुणवाल्याचं नाव हाय, खुर्चीवाल्याचं हाय, आन् हिचं न्हाई.

मी तवाच विचारलंतं तिला, घाटनांदूरहून आल्यावर, ती पोरगी आलती म्हणं? तर म्हणली, एकटीच आलती, चहा पिऊन गेली. बाकी काही न्हाई. मीबी पुढं विचारलं न्हाई. फोटो काढला हे कुठं ठाऊक होतं मला! आता पुस्तक आलं तर ही न्हाई. गेल्या कार्तिकात गेली. मग विचारावं कुणाला, कावून हसली एवढी? त्या पोरीला मराठीचं अक्षर येत न्हाई, हिला इंग्रजी न्हाई. मग बोलल्या काय दोघी? हसण्यासारखं काय झालं माझ्या अंगणात?

लेन्समधी बघा भगवानराव. तिकडं न्हाई. डार्करूमचा पडदा उघडा ऱ्हायला वाटतं. काही न्हाई तिकडं, एक प्रिंट वाळत घातलाय.

सोमवारी पुण्यस्मरण हाय तिचं, पहिलं. पूजेला जंगम सांगून ठेवलेत, पाहुणे येतेल. फ्रेम आणून ठेवली. सगळ्या तालुक्याला फोटो करून देणाऱ्याच्या घरात फ्रेम रिकामी. तिचे फोटो न्हाईत असं न्हाई — पेटीभर हायत. दर दिवाळीला काढायचो, ह्याच स्टुलावर, ह्याच पडद्यापुढं. पदर, विभूती, कुंकू, सगळं जागच्या जागी. हसू नको म्हणलं की हसायची न्हाई. लई ऐकायची माझं. तर शिवांजली, आमची पोरगी, सासरहून आली आन् ती पेटी सगळी उपसून म्हणती, अप्पा, ह्यात आई कुठं हाय? पुस्तकातला लावा, न्हाईतर मी सोमवारी पाया पडायला उभी ऱ्हायची न्हाई. डोकं फिरलंय पोरीचं. मयत बाई भिंतीवर दात काढून हसती, आन् लोकांनी काय हार घालायचा तिला?

तरी मी म्हणलं, पोरीचं मन मोडू नये. पानावरून कॉपी काढली. मोठी केली. पडद्याची ठिगळं झाकली, ते सोपं असतं. मग डोक्यावर पदर घेतला. चांगला बसला. विभूतीचे पट्टे भरले. हात नीट केला, मांडीवर ठेवला. मग तोंड राहिलं. तोंड मिटलं — आता ओठ मिटवायला काय, हजारदा मिटवलेत मी, एक बारीक रेघ. रेघ ओढली आन् मागं सरकून बघितलं. तर — बघितलं तर कुणीबी होती ती. भिंतीवरच्या कुठल्याबी घरची. पुसलं. प्रिंट पुन्हा काढला. पुन्हा रेघ ओढली. पुन्हा तीच, कुणाची तरी मयत बायको. आता हा जो वाळतोय त्याला ब्रश लावला न्हाई अजून. लावायचाय. सोमवारच्या आत लावायचाय.

उठू नका, फोकस जाईल! — अहो भगवानराव — बरं, बघा. बघून घ्या. हात लावू नका, ओला हाय. बघा कशी दिसती. शोभतं का हे?

काय झालं? हसताय कावून?

काय म्हणलात?

गाडीत? आपल्या धारूरच्या गाडीत? — हां, माहेरी जायची ती, पंचमीला, उन्हाळ्यात. तुमच्याच गाडीनं जायची, बरोबर. पण मग — दरवेळी? अशीच? अशीच म्हंजी तोंड उघडं टाकून? — मागच्या सीटवरच्या बायांसंगं? घाट लागला की? — आन् सगळ्या गाडीला ऐकू यायचं?

काय बोलायची, कशावर हसा— न्हाई. नका सांगू. बसा. न्हाई, बसूबी नका. फोटो काढला न्हाई मी तुमचा, उद्या या. लाईट गेली म्हणून. — चालू हाय, दिसतंय मला चालू हाय. उद्या या म्हणलं ना. टोपी ऱ्हायली तुमची. आन् जाताना शटर खाली ओढा. पूर्ण.