सातही जणांनी गाळलेलं वाक्य

शामकांत : चहा राहू द्या, आधी पेपर बघू. हे सात इकडे ठेवा, ते चार तिकडे. आता सांगा, कानिफनाथ सर, तपासताना तुम्हाला काहीच खटकलं नाही?

कानिफनाथ : खटकण्यासारखं काय, साहेब? पाचवीची पोरं आहेत. अकराच्या अकरा पास झाली.

शामकांत : तीच तर गंमत आहे. माझ्याकडच्या बाकी सगळ्या शाळांत या श्रवण चाचणीची बोंब आहे. मोबाईलवर निरोप एकदाच वाजवायचा, मुलांनी ऐकायचा आणि मग लिहायचा. कुणाला वार आठवत नाही, कुणाला आकडे. आणि तुमच्या या सात मुलांना सगळं तोंडपाठ! मंगळवार, साडेतीनची एसटी, बियाण्याच्या दोन पिशव्या, मामाची नवी विहीर.

कानिफनाथ : म्हणजे चांगलं लिहिलं म्हणून चौकशी?

शामकांत : पुढचं ऐका. रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य होतं, ‘वाटेत आईला ताप भरला, सलाईन लावावं लागलं.’ निरोपातली सगळ्यात मोठी गोष्ट. या सातांपैकी एकानेही ती लिहिलेली नाही. पिशव्या लिहिल्या आणि सलाईन गाळलं! उरलेल्या चौघांनी बाकी सगळा गोंधळ घातलाय, पण सलाईन चौघांच्याही पेपरात आहे.

कानिफनाथ : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शामकांत : माझ्या आलं. सत्तावीस वर्षं पेपर तपासतोय मी. बरोबर उत्तर सात जणांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी आली की समजायचं, ती एकाच ठिकाणाहून आली. फळ्यावरून, नाहीतर सरांच्या तोंडून.

कानिफनाथ : मी सांगून लिहून घेतलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

शामकांत : तुम्ही म्हणालात. मी नाही.

कानिफनाथ : अहो, मला सांगायचंच असतं तर सलाईन कशाला गाळलं असतं? येवढा येडा वाटलो का मी?

शामकांत : घाईत राहिलं असेल. रागावू नका. संध्याकाळपर्यंत नगरला अहवाल पाठवायचाय. आत्ता आहे तसा पाठवला तर सात पेपर रद्द आणि तुम्हाला नोटीस. तुमची काही बाजू असेल तर ती आत्ता सांगा.

कानिफनाथ : बाजू काय असणार? माझ्या वर्गात काही ऐकवताना पेन खाली ठेवायचं, हा नियम आहे. एकदाच ऐकायचं. मग शेजारच्याला तोंडी सांगायचं. त्यानं उलटे प्रश्न विचारायचे. वही त्यानंतर. ऐकायचा तास वेगळा आणि लिहायचा वेगळा, असं मी करतच नाही.

शामकांत : हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं तुम्हाला?

कानिफनाथ : कुठल्याच नाही. पोरांकडं बघून सुचलं. गावात रेंज नाही. या सातांचे आईबाप कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेत. दिवे लागायच्या वेळेला पोरं फोन घेऊन देवळामागच्या टेकडीवर चढतात. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना चढ झेपत नाही. तिकडनं दोन मिनिटं बोलणं होतं, तेवढ्यात फोन तुटतो. जे ऐकलं ते खाली येऊन घरी सांगायचं. म्हटलं, ही तर रोजचीच सवय आहे, तिला वही जोडून देऊ.

शामकांत : छान आहे. पण अहवालात गोष्टी चालत नाहीत. यातल्या एका मुलाला बोलवा. थांबा, तुम्ही निवडू नका. ही, मोनिका. आणि तुम्ही तिकडे खिडकीपाशी उभे राहा. मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत.

कानिफनाथ : चोरच ठरवलं तुम्ही मला. अगं ए मोनिका, जरा इकडं ये!

(मोनिका दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते.)

मोनिका : सर, हे कोन हायेत?

शामकांत : मी साहेब आहे, केंद्रप्रमुख. आत ये. परीक्षेच्या दिवशी सरांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का?

मोनिका : लांब लांब बसा म्हनले.

शामकांत : आणि फळ्यावर काय लिहिलं होतं?

मोनिका : तारीक.

शामकांत : बरं. आता मी एक निरोप सांगतो. एकदाच सांगणार. समज, तुझ्या वडिलांचा आहे आणि तुला तो आजीला सांगायचाय. आजीचं नाव काय?

मोनिका : रतनबाई.

शामकांत : ऐक नीट. ‘आमचा मुक्काम शनिवारी हलणार. नवा फड नदीच्या पलीकडे आहे. टोळीत सोळा माणसं आहेत. तुझ्या आईला दवाखान्यात ठेवलंय. कोंबड्या विकू नका. शिमग्याच्या आत आम्ही गावी येऊ.’ झालं. मी रतनबाई. सांग मला.

मोनिका : आजी, पप्पांचा फोन आल्ता. शनवारी मुक्काम हालनार हाय. नवा फड नदीच्या पल्याड हाय. टोळीत सोळा मानसं हायेत. कोंबड्या इकू नको म्हनले. शिमग्याच्या आत येत्यात.

शामकांत : अजून?

मोनिका : समदी बरी हायेत.

शामकांत : हे तर मी म्हणालोच नव्हतो.

मोनिका : न्हाई. पन आजी इचारतीच.

शामकांत : आणि आईचं काय सांगितलं मी?

कानिफनाथ : मोनिका, तुला ते ऐकू आलं नाही का?

शामकांत : सर, मध्ये बोलू नका म्हटलं ना!

मोनिका : आलं ऐकू. दवाखान्यात ठेवलंय.

शामकांत : मग ते का गाळलंस?

मोनिका : आजीला कसं सांगनार? मागं आईच्या हाताला कोयता लागला तवा सांगितलं हुतं मी. आजी न जेवता स्टँडवर जाऊन बसली. कुठली यष्टी धरायची ते बी ठावं न्हाई तिला. लई हुडकली आमी. तवापसनं आमी कुनीच असलं घरी सांगत न्हाई.

शामकांत : आम्ही म्हणजे कोण कोण?

मोनिका : मी, निकिता, अमृत. ज्यांचं आईबाप तिकडं हायेत ते समदे. टेकडी उतरताना ठरिवतो, काय सांगायचं आन काय न्हाई.

कानिफनाथ : साहेब, प्रश्न काय छापलाय बघा. मोठ्यानं वाचा.

शामकांत : ‘ऐकलेला निरोप तुमच्या आजीला सांगत आहात असे समजून लिहा.’

कानिफनाथ : त्या चौघांचे आईबाप घरीच आहेत, साहेब. म्हणून त्यांनी सलाईन लिहिलं. आत्ता उजेड पडतोय माझ्या डोक्यात. इतके दिवस पोरं माझ्यासमोर बसतात आणि मला पत्ता नाही!

शामकांत : हे तुम्ही तिच्याकडून घोकून घेतलं नसेल कशावरून?

कानिफनाथ : निरोप तुम्ही आत्ता रचला. मी कधी घोकून घेणार?

शामकांत : हं. तेही खरं. ठीक आहे, पेपर रद्द होणार नाहीत. तुमच्यावर संशय घेतला, त्याबद्दल वाईट वाटतंय मला. जा बाळ, वर्गात जा.

मोनिका : साहेब, एक इचारू?

शामकांत : विचार की.

मोनिका : आईला कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?

शामकांत : अगं, तो खोटाच निरोप होता. समज, असं म्हटलं होतं ना मी?

मोनिका : चार दिस झालं, फोन लागंना. आन आज तुमी गाडी घेऊन आला. सरांना तिकडं लांब हुबं केलं. मला एकटीलाच बोलावलं.

कानिफनाथ : मोनिका, साहेब परीक्षेचं बघायला आलेत गं. शाळा सुटली की मी येतो तुझ्याबरोबर टेकडीवर. आपण फोन लावू.

शामकांत : तुझी आई बरी आहे, बाळ. मी मनानंच रचलं ते सगळं. देवाशप्पथ.

मोनिका : व्हय, साहेब. मी बी आजीला असंच सांगती.