दोन बंब आणि बिनहद्दीचं शेड

...नाय, पण मला एक सांगा, दोन-दोन लाल बंब दारात उभे, टाक्या गच्च भरलेल्या, घंटा वाजतीय ठणाठणा, अन् समोर माझं शेड धडाधडा पेटलेलं... तर माणसानं पाइप खोलावा का नाय? आं? नाय खोलला! तुम्हाला सांगतो, अर्धा तास नाय खोलला! काहून? तर म्हणे करार हाय! करार चांगला होता हो, त्याच्यात खोट नाय.

मी बद्रीनाथ मंडपवाला. कन्नड रोडला अलीकडं चिंचबरडी, पलीकडं निंबखेडा, अन् मधी माझं पत्र्याचं शेड. नऊशे खुर्च्या, कनाती, सतरंज्या, गुलमंडीच्या बाजारातनं पारखून आणलेलं कापड... अन् आमच्या मंडळीनं, साळूबाईनं, एकोणीस वर्षं बसून हातानं शिवलेल्या झालरी. मोत्यांच्या! लगीन कोणाचंबी असू द्या, मंडपात शिरलेली बाई आधी वर बघायची, झालर बघायची, मग नवरीकडं. कापड दुसरं मिळतं हो. खुर्च्या मिळत्यात. ह्या झालरी कुठं मिळायच्या?

तर करार. दोन्ही नगरपालिकांकडं एकेक बंब. मागं एकदा कडब्याच्या गंजीला आग लागली, दोघंबी पळत आले, अन् "तू आमच्या गावात काहून आला?" म्हणून आधी एकमेकालाच भिजवून बसले. गंजी गेली. म्हणून मोठ्या लोकांनी बसून करार केला, परस्पर सहकार्याचा. ज्याच्या हद्दीत आग, तो यजमान. दुसरा येईल तो सहकारी, म्हणजे पाहुणा. यजमानानं सांगितल्याबगर पाहुण्यानं पाइपाला हात लावायचा नाय, अन् आग विझली की यजमानानं पाहुण्याला शाल-नारळ द्यायचा. आपल्याकडं सत्कार नसला तर चूल तरी विझती का? करार चांगलाच होता!

झालं काय, चैताचं ऊन, भर दुपार, कोणीतरी बांध पेटवून दिला अन् गेला घरी भाकर खायला. सुटलं वारं. ठिणगी आली शेडात, अन् कापडच ते, त्याला काय लागतं? मी दोन्हीकडं फोन केला. म्हणलं, आता करार हाय, डबल पाणी! अन् खोटं कशाला बोलू, पाव घंट्यात दोघं हजर. अलीकडनं चिंचबरडीचे काकासाहेब, पलीकडनं निंबखेड्याचे तात्यासाहेब, दोघंबी बंबाचे मुख्य, दोघांच्याबी टोप्या नव्या. मला तर रडूच आलं. म्हणलं, देव पावला!

काकासाहेब उतरले, टोपी सारखी केली, हात जोडले. "नमस्कार तात्यासाहेब, आम्ही मदतीला आलोय. हुकूम करा."

तात्यासाहेब म्हणले, "छे छे, असं कसं! आम्ही मदतीला आलोय. हुकूम तुम्ही करायचा."

"नाय, तुम्हीच."

"अवो, मान तुमचा!"

मी मधी उभा! मागं पत्रा तापून ताडताड वाजतोय, अन् ह्यांचं आपलं मान-पान चाललंय! जन्म गेला माझा लग्नात, पण असं लगीन मी पाहिलं नाय, दोन्हीकडनं वऱ्हाडच आलेलं अन् नवरीकडचं कोणीच नाय!

मी म्हणलं, "साहेब, कोणीबी यजमान व्हा, पण पाणी मारा!" तर काकासाहेबांनी बंबातनं नकाशा काढला. निजामाच्या वक्ताचा! त्याच्यात हद्द म्हणजे नाला. आता पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, राज्य बदललं, नाल्यानंबी जागा बदलली... नकाशा तेवढा तसाच! मग दोघांनी आपापल्या हापिसात फोन लावला. मी कान देऊन. तिकडनं कारकून म्हणतोय, "बद्रीनाथ मंडपवाला ना? त्याचं शेड आपल्या हद्दीबाहेर. आपलंच पत्र हाय तसं."

दोन्ही फोनांवर! तेच वाक्य!

अन् इथं माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण तुमच्यापासून काय लपवायचं... ती पत्रं मीच मागून आणली होती. आठ वर्षांमागं शेड बांधलं तवा परवानगीची कटकट नको म्हणून चिंचबरडीतनं लिहून घेतलं, हे आमच्यात नाय. निंबखेड्यातनं लिहून घेतलं, हे आमच्यातबी नाय. मग परवानगी कोणाची घ्यायची? कोणाचीच नाय! काय डोकं चाललं होतं राव! दोन्ही पत्रांना काच लावून शेडात टांगली. आल्या-गेल्याला बोट करून दाखवायचो, बघा, ह्याला म्हणत्यात अक्कल!

"पत्र तुम्हीच मागितलं ना?" काकासाहेब.

"व्हय, पण..."

"मग झालं तर."

मी म्हणलं, "साहेब, चुकलो! पाया पडतो. ती पत्रं गेली जळून, आता मी तुमच्यात!"

तर म्हणत्यात कसं, "काळजी नका करू बद्रीनाथ, आमच्याकडं नक्कल जपून ठेवलीय."

तेवढ्यात साळूबाई आली. तोंडाला पदर लावून शिरली ना हो आत! झालरींच्या पेटीसाठी! मी ओरडतोय, "अगं मरशील!" दोघा फायरमननी ओढून आणली तिला. माणूस ओढायला हुकूम लागत नाय म्हणे, तसं कलम हाय. तिनं हात झटकले अन् गेली सरळ दोघा साहेबांपुढं. "मी यजमान! माझं घर, माझी आग, मी सांगते, खोला पाइप!"

तात्यासाहेब लई नरमाईनं म्हणले, "ताई, यजमानाकडं स्वतःचं पाणी अन् पाइप पाहिजे. करारात हाय तसं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग आला फारूख. आमचा फारूख, बांधकामावर टँकरनं पाणी टाकतो. धूर पाहून आला, टँकर उलटा घेतला, अन् गाडीतनंच, "अरे बद्रीभाई, क्या नक्शा देखरे तुम लोगां? आग उधर लगी ना!" अन् त्याचा तो अंगठ्याएवढा रबरी पाइप, जागोजाग सायकलची ट्यूब बांधलेला, लागला की मारायला! ते दोन बंब बघतायत. फारूखचं पाणी संपत आलं. तो ओरडला, "अरे मियाँ, थोडा पानी तो देव!"

अन् तुम्हाला सांगतो, दोन्ही साहेबांचे चेहरे असे उजळले! पाणी हाय, पाइप हाय, हुकूमबी केला... यजमान सापडला! "सहकार्य सुरू करा!" दोन्ही बंबांवरची माणसं पळायला लागली. अन् काय केलं असेल? दोन्ही बंबांचे ते मांडीएवढे जाड पाइप खोलले, अन् सोडले... टँकरात! फारूखच्या टँकरात! आगीवर नाय! सहकाऱ्यानं यजमानाला पाणी द्यायचं म्हणे. अन् मग ते दोन बंबांचं पाणी फारूखच्या अंगठ्याएवढ्या, ट्यूब बांधलेल्या पाइपातनं टिप टिप करत माझ्या शेडावर! रडू का हसू? करार चांगला होता हो, पण आगीला कोणी वाचून दाखवला नव्हता ना!

विझली. दोन घंट्यांनी विझली. तीनशे खुर्च्या राहिल्या, चार कनाती राहिल्या. झालरींची पेटी उघडली तर आत मुठीएवढा काळा गोळा. साळूबाईनं त्यातला एक मणी नखानं उकरून काढला, पदराला पुसला, अन् खाली बसली. एकोणीस वर्षं हो! मला तिच्याजवळ जायची हिंमत झाली नाय. कोणत्या तोंडानं जाऊ?

अन् इकडं दोघं साहेब फारूखपुढं रांगेत उभे! शाल-नारळासाठी! फारूख म्हणतोय, "शाल कहाँ से लाऊँ भई? धूप में?"

मग आठ दिवसांनी ठरलं, कराराच्या पहिल्या यशाचा जाहीर सत्कार. कुठं? दोघांच्या हद्दीत नाय अशा जागी, म्हणजे कोणाचा मान जायला नको. अशी जागा एकच, माझं जळकं शेड. मंडप कोणी टाकायचा? आले माझ्याकडं! म्हणलं, साहेब, मंडप जळाला. तर म्हणले, "उरलाय तेवढा टाका."

टाकला. धंदा हाय, काय करता? उघडाबोडका मंडप, बिनझालरीचा. साळूबाई शेवटच्या रांगेत बसली, एकदा वर पाहिलं, मग खालीच बघत राहिली. काकासाहेबांना शाल, तात्यासाहेबांना शाल, फारूखला नुसता नारळ, कारण तो करारात नाय. अन् मग आभाराला एकजण उठला, माइक फुंकला, अन् काय म्हणाला ऐका, "आणि शेवटी, ज्यांच्या सहकार्याशिवाय ही आग शक्यच झाली नसती, ते आपले बद्रीनाथ मंडपवाले!"

टाळ्या! मीबी वाजवल्या. काय करता... खुर्च्या माझ्याच होत्या, लोक उठल्याबगर उचलता येत नव्हत्या.