जळकी टेप आणि डबल बाबागाडी

हॅलो?… हॅलो, ताई?… हां, आत्ता येतंय ऐकू. काय गोंगाट आहे गं या दुकानात! तीन बाळं एका सुरात भोकाड पसरून बसलीयेत… नाही गं बाई, माझं अजून पोटात आहे, ते कशाला रडेल?

ठमी उठली?… केळं खाल्लं?… थुंकलं? तुझ्या अंगावर?… बरं झालं. नाही, नाही, हसत नाहीये… हसतेय, बरं. अगं, दीड वर्षाची पोर ती, तिला काय कळतं!

ते राहू दे, तू आधी माझं ऐक. मिळाली! बाबागाडी मिळाली!… हो, डबल! लालभडक! दोघं शेजारी शेजारी बसणार, ठमी इकडे, बाळ तिकडे. वर दोन छतं, एक पाडलं तरी दुसरं उघडं राहतं. आणि ब्रेक असा पायाने नुसता टच केला की खट्ट!… अगं, तुझा मेहुणा मघापासून ती ढकलत दुकानभर फिरतोय. दोन्ही सीटांवर एकेक टेडी बसवलाय. वळणावर हॉर्नसुद्धा वाजवतो तोंडाने… काय करणार, ड्रायव्हर माणूस, सुट्टीच्या दिवशीही बसच चालवणार.

नाही नाही, लिफ्टचं बघितलंय ना! तेच तर आधी बघितलं. मागच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?… हो, जाऊबाईंची ती जुनी बाबागाडी. लिफ्टच्या दारातच अडली. पाच मजले जिने, अंगावर टाके आणि कडेवर ठमी. हा पहाटे पाचला डेपोत जायचा तो संध्याकाळी यायचा… ताई, मी चार महिने घराबाहेर पडले नाही गं. मग तिला कडेवर घेऊन जायला लागले, पण ती कडेवर असताना शिलाईचं मशीन कसं चालवू? स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझं दुकान दिसायचं, समोरच्या फुटपाथवर. शटर बंद. बघून बघून वेड लागायची पाळी आली होती.

म्हणून यावेळी काल रात्रीच याला लिफ्टच्या दारात उभा केला आणि म्हटलं, मोज. तीस इंच भरलं. ही लाल गाडी एकोणतीस! एक इंच सुटतोय, आणखी काय पाहिजे? पुढच्या महिन्यात बाळ, त्याच्यानंतर दोन महिने, आणि मग मी शटर उघडणार. दोघांना गाडीत टाकायचं, लिफ्टने खाली, रस्ता ओलांडला की दुकान. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला फोन करायचा नाही.

…तू येशील रोज? अगं, दोन बस बदलून येतेस तू!… माहीत आहे गं, तू मनापासून म्हणतेस. पण मला सोबत नकोय, ताई. मला एकटीला बाहेर पडता यायला हवंय. राग नको मानूस.

कसला आवाज तो?… ठमी काय ओढतेय?… टेप? गळ्यात घातलीये? काढ, काढ आधी!… कुठली, नवी पिवळी का?… पांढरी? एका टोकाला काळी झालेली? अगं, ती माझी जळकी टेप, ती मशीनच्या खणात असते, ती हिच्या हातात कशी आली?… चपलांच्या कपाटावर होती?

थांब.

थांब थांब थांब. ताई, एक मिनिट.

अरे! अरे, इकडे ये! ठेव तो टेडी. काल लिफ्ट कुठल्या टेपने मोजलीस?… खणातली? पांढरी?

मेले!

नाही, ताई, तुला नाही. अगं, ती टेप दोनपासून सुरू होते! इस्त्रीखाली जळली होती, मीच पुढचे दोन इंच कापून टाकले. मला सवय आहे, मी आपोआप दोन वजा करते, डोळे मिटूनसुद्धा. याला कधी सांगितलंच नाही… तीस नाही गं, अठ्ठावीस! दार अठ्ठावीस आणि गाडी एकोणतीस!

…हो, परत आत नाही जाणार. परत तेच!

तू हसू नकोस रे! एवढी मोठी बस रोज बोळातून काढतोस आणि टेपवर पहिला आकडा कुठला आहे ते दिसत नाही?… काय?… हा म्हणतो, माझीच चूक. आहेच माझी, पण म्हणून त्याने म्हणायचं?

थांब, दादा काहीतरी दाखवतायत, दुकानवाले… हो दादा, बघितली होती मघाशी… ताई, दुसरी एक आहे. मागेपुढेवाली. पुढे एक सीट, मागे एक. रुंदीला तेवीसच. दारातून आरामात जाईल. पण लांब आहे गं, चव्वेचाळीस! लिफ्टमध्ये ही आगगाडी घातल्यावर मी कुठे उभी राहू, छपरावर?… बाजूला? बाजूला मावेन?

ताई, एक काम करशील? माझी कटिंगची फळी आहे ना, भिंतीला टेकवलेली? ती पंचेचाळीस बाय चोवीस आहे. गाडीपेक्षा इंचभर मोठीच… हो, हो, हलकी आहे. मशीनची खुर्ची चाकांची आहे, तिच्यावर आडवी ठेव आणि ढकलत लिफ्टमध्ये घाल… अगं, लोक हसले तर हसू देत! ठमीला कडेवर घे आणि फळीच्या बाजूला उभी राहून बघ. दार लागतंय का तेवढं सांग. तू मावलीस तर मी गिरकी घेत मावेन… आता मी जाड म्हटलं का तुला? तूच म्हणालीस!

हां… आलीस दारात?… फळी गेली?… सरळ?… आता तू शीर… तिरकी हो ना थोडी!… पोट आत घे… ठमीचा पाय सांभाळ… दार?

ताई?

हॅलो?… हॅलो?

…काही ऐकू येत नाही रे. अडकली की काय… नाही, कट नाही झालाय, सेकंद पुढे जातायत… तू जरा गप्प बस ना, ऐकू दे… हॅलो? ताई, बोल ना!

…कुठे?

खाली?… म्हणजे दार लागलं?… आणि खालीसुद्धा गेलीस? तेवढं सांगितलं नव्हतं मी!… रस्त्यावर? फळी घेऊन?… खुर्ची ढकलत, ठमी कडेवर… अगं वेडी की काय तू! अरे, ऐकलंस का? ही रस्त्यावर आहे! मावली! ताई मावली!

…नाही, या लांब गाडीचा रंग नाही आवडला, शेवाळी आहे. असू दे. मी लाल कव्हरं शिवेन दोन्ही सीटांना, झालरीसकट. शिंपीण आहे मी, रंगासाठी अडून बसू होय?

आता कुठे निघालीस?… रस्ता ओलांडलास?… माझ्या दुकानापाशी?

…आहे अजून ती पाटी?… 'काही दिवस बंद'. हो, माझंच अक्षर. ठमीच्या वेळी दवाखान्यात जाता जाता लिहिली होती, एका हाताने पोट धरून… काही दिवस म्हणजे दीड वर्ष झालं बघ.

काढू नकोस!… नको म्हणते ना, हात लावू नकोस तिला. मी काढणार ती. दोघांना घेऊन येईन, एकटी, आणि मग काढेन.

…नाही रडत… बरं, रडतेय. तुला काय करायचंय?

चल, ठेवते. तू वर जा आता… अगं जिन्याने कशाला? गेलीस तशीच जा. फळी आधी घाल, मग तू.