खालचं तिकीट

भर शहरातल्या बंदिस्त स्टेडियमबाहेर मैफलीच्या तिकिटांची रांग होती. रांगेतल्या एका म्हातारबांच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या.

“आई, खालची तिकिटं घेऊ. गायक जवळून दिसेल.”

“वरची घे.”

“वरून काय, मुंगी दिसणार?”

“दिसू दे मुंगी. खाली फळ्यांखाली बर्फ असतो.”

“असणारच! उद्या त्यावर आइस हॉकीचा सामना आहे.”

“पुराच्या वेळी फळ्या काढून बुडालेली माणसं त्याच बर्फावर ओळीनं ठेवली होती. तुझ्या बाबांना मी तिथंच ओळखलं. मी काही तिथं पाय ठेवायची नाही.”

लेकीनं वरची दोन तिकिटं घेतली.

“आजोबा, तुम्हाला?” खिडकीतल्या माणसानं विचारलं.

“खालचं एक. डाव्या कोपऱ्यातलं, दाराजवळचं.”

“तिथून काही दिसत नाही हो.”

“चालेल. आमच्या हिला तिथंच ठेवलं होतं.”