चौतीस वर्षांचा पुरुष

(कळंब्यातलं घर. पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी वल्लरी दारातच उभी. समोर तिची वहिनी राजनंदिनी, वल्लरीच्या गेलेल्या भावाची, अमरसिंहची बायको आणि क्रांतीची आई.)

राजनंदिनी : चपला काढू नकोस. हुबी हायस तशीच बोल.

वल्लरी : वहिनी, क्रांतीची तपासणी करून घ्या, एवढंच...

राजनंदिनी : आधी त्या भाषणाचं सांग. मोबाईलवर बघितलं मी. पडद्यावर काळजाचा तुकडा उडतोय, आन् तू म्हणतीयास, ‘चौतीस वर्षांचा पुरुष, आता हयात नाही.’ लोक टाळ्या वाजवाय लागले. नवरा कुणाचा गं त्यो?

वल्लरी : तुकडा नाही तो. चक्कर आल्यावर दादानं स्वतः सही करून रक्त दिलं होतं. त्यातून मूळपेशी केल्या, त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवल्या.

राजनंदिनी : मला बोलले न्हाईत ते. हितं मी त्येंची कापडं वाटून टाकली, आन् तिकडं तुझ्या ताटलीत काळीज धडधडतंय.

वल्लरी : दादा कशानं गेला, ते त्यातूनच कळलं. जनुकाची नक्कल निघते, मग नको ते भाग कापून उरलेले जोडले जातात. पोटातल्या बाळात ही जोडणी लांब असते, हृदय सैल असतं. जन्मल्यावर ती आखूड व्हायला हवी. दादाची कापणीच चुकत होती. हृदय सैल राहिलं, ताणत गेलं.

राजनंदिनी : आन् ही अक्कल ते गेल्यावर आली.

वल्लरी : हो. गेल्यावर.

राजनंदिनी : आता पोरीचं रक्त पायजे. पुढच्या भाषणाला.

वल्लरी : तिच्यात तीच चूक असायची शक्यता निम्मी आहे. आणि ती रोज फुटबॉल खेळते. रक्त इथल्या दवाखान्यात द्या. मला एक थेंब नको.

राजनंदिनी : निम्मी म्हंजे नसंलबी की.

वल्लरी : चक्कर आली तेव्हा दादाही हेच म्हणाला होता, ‘काही नसेलही.’

राजनंदिनी : त्येंचं नाव घिऊन मला भ्या दावू नकोस.

वल्लरी : दाखवणार. शिव्या द्या, घरात घेऊ नका, पण तिला न्या.

राजनंदिनी : नेतो. सोमवारी. पर ते तुझं धडधडणारं बंद कर.

वल्लरी : वरच्यांशी भांडावं लागेल. भांडते.

राजनंदिनी : बंद करायच्या आधी मला तिथं ने.

वल्लरी : बघायला?

राजनंदिनी : बोलायला.

वल्लरी : वहिनी, त्या पेशींना ऐकू येत नाही.

राजनंदिनी : जित्ते असताना तरी कुठं ऐकत हुते.