खिडकीतली बांधी

सौंदडच्या फलाटावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत दोन बाया माझ्या बाकाला पाठ टेकून बसल्या होत्या.

"देवका काकी, दवाखान्यात काका कसे आहेत? लकवा उतरला का?"

"पंधरा दिस पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून पडला होता बुढा. वाचा गेली, उजवा हात गेला. डोळेबी उघडत नव्हता."

"मंग?"

"नर्सबाईच्या मागं लागून खाट खिडकीपाशी नेली. बाहेर धानाची बांधी, रोपांचा रोवणा चालू."

"हिरवं पाहून जीव निवला असंल."

"निवते कायचा! मातीचा धुरा फुटून बांधीतलं पाणी वाहून चाललं होतं. ते पाहून बुढा बोंबलला, 'गधा!'"

"बोलले? कोणाले?"

"बांधीवाल्या टिकारामले. तो हासत खिडकीपाशी आला."

"रागावला नाही?"

"कायले रागावंल? आता रोज सकाळी तोच मुद्दाम धुरा फोडते, बुढ्याची शिवी खाते, मंग बुजवते."

"रोज गधाच म्हणतेत?"

"नाही व माय, आता त्याच्या बापापर्यंत पोचला. काल तं हातानं खिडकी ठोकून राहिला होता."

"कोणत्या हातानं, काकी?"

"उजव्या."